भिंगरीचा आकडा

१

भिंगरी टाकीच्या टेकडीवर शेवटच्या वळणाला कोसळली, तेव्हा तिच्या हँडलवरचं यंत्र सांगत होतं की ही पोर आयुष्यात कधी नव्हती इतकी तंदुरुस्त आहे.

निवड चाचणीचा शनिवार होता, सकाळचे साडेआठ. मागून येणाऱ्या मुलींनी पाहिलं ते असं: आधी सायकल झोकांड्या खायला लागली, मग भिंगरीचे गरगर फिरणारे पाय थांबले आणि पेडलमधून बूट न सोडवताच ती सायकलीसकट आडवी झाली. त्या पायांच्या फिरण्यावरूनच तिला भिंगरी म्हणायचे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर तेवढं उरलं होतं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी उन्हावर खापर फोडायला साफ नकार दिला. "स्नायू इतके पिळून निघालेत की त्यांचा चोथा रक्तात उतरलाय," त्या म्हणाल्या. "तो गाळता गाळता मूत्रपिंडं दमलीत. हे एका सकाळचं काम नाही. गेला महिनाभर तरी ही मुलगी झेपेल त्याच्या वर राबवली गेलीय."

मग कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे गोळ्या घेत असणार. रक्त तपासलं, ते स्वच्छ निघालं. कुणी म्हणे कोचच कसाई आहे. सोमवारी भिंगरीच्या बाबांनी क्लबाच्या समितीला पत्र दिलं: कोचला काढा. समिती गुरुवारी अकराला बसायची होती, आणि तिचं मत आधीच ठरल्यासारखं दिसत होतं.

मंगळवारी सकाळी भिंगरीच्या आईने आपल्या थोरल्या बहिणीला इस्पितळाच्या व्हरांड्यात गाठलं. ही थोरली बहीण म्हणजे भिंगरीची मावशी. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात एकतीस वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. पेट्रोलपंपापासून सोनाराच्या काट्यापर्यंत तिने इतकी खोटी मापं पकडली होती की बाजारात तिला काटा मॅडम म्हणायचे आणि ती गल्लीत शिरली की चार दुकानांतले तराजू आपोआप सरळ व्हायचे.

"ताई," बहीण म्हणाली, "आजवर लोकांची लबाडी पकडलीस. आता माझ्या पोरीची ही दशा कुणी केली तेवढं शोधून दे."

"अगं, मला सायकलीतलं काय कळतं?"

"तुला मापातलं कळतं ना? त्या क्लबात दिवसभर मापंच चालतात. मला माणूस हवाय, ताई. कुणीही असो."

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला भिंगरीचे बाबा येरझाऱ्या घालत होते. भिंतीपर्यंत जायचे, वळायचे, पुन्हा यायचे. मावशीने नकळत मोजलं. एकवीस पावलं जाताना, एकवीस येताना.

"बघते," ती म्हणाली.

२

क्लबाचा सरावाचा हॉल लांबट होता आणि त्यात घामाचा आणि रबराचा वास कोंडला होता. जमिनीवर लोखंडी रोलरांच्या सहा जोड्या. त्यावर आपापली सायकल चढवून मुली जागच्या जागी मैलोगणती चालवायच्या. कोच एकटाच होता. पन्नाशीचा, काटकुळा. मावशीला पाहून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"मॅडम, तुम्ही मला दोषी ठरवायला आला असाल तर रांग मोठी आहे."

"मी शिकायला आलेय," मावशी म्हणाली. "तुम्ही मोजता काय ते मला आधी समजवा. मी अडाणी आहे असं समजा."

हे वाक्य तिने आयुष्यभर दुकानदारांना ऐकवलं होतं. समजावताना माणूस सैलावतो.

कोचने फळ्यावर चार आकडे लिहिले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी परीक्षा. वीस मिनिटं जीव तोडून चालवायचं. पेडलमध्ये बसवलेला मीटर पायाचा जोर वॅटमध्ये मोजतो. वीस मिनिटांची सरासरी काढायची, तीतून पाच टक्के वजा करायचे; जो आकडा येतो तो म्हणजे त्या मुलीचा उंबरठा. साधारण तासभर टिकवता येईल असा जोर.

"आणि मग सगळा सराव या आकड्यावरून," कोच म्हणाला. "या रोलरांवर. ते किती वॅटला जड करायचे ते मी या आकड्यावरून लावतो, तिथे पेडलचा मीटर बंद. आज उंबरठ्याच्या साठ टक्क्यांनी दोन तास, उद्या एकशे पाच टक्क्यांनी आठ-आठ मिनिटं चार वेळा. आकडा वाढला की सराव वाढतो. भिंगरीचे हे चार महिने."

दोनशे. एकशे नव्याण्णव. दोनशे सहा. दोनशे तेरा.

"संघात यायला किती लागतात?"

"दोनशे दहा. दुसऱ्या महिन्यात ती अडली होती. मी तिला सांगितलं, यंदा राहू दे, महिनाभर आराम कर, पुढच्या वर्षी बघू. इथे या बाकावर बसून रडली. सायकलच सोडते म्हणाली. आणि मग बघा, दोन महिन्यांत सात टक्के वाढ. मी तोंडात बोटं घातली. म्हटलं, पोरीने मला खोटं पाडलं."

"अंगात काही कुरकुर नव्हती तिच्या?"

कोच खडू बोटांत फिरवत राहिला. "होती," तो शेवटी म्हणाला. "छातीचे ठोके. आधी रोलरवर एकशे पंचाहत्तर वॅटला एकशे अठ्ठेचाळीस असायचे. शेवटच्या महिन्यात त्याच वॅटला एकशे साठ. ताकद वाढली की ठोके उतरायला हवेत, चढले कसे? मला दिसलं होतं, मॅडम. म्हटलं, झोप कमी झाली असेल. मी वॅटवर विश्वास ठेवला आणि ठोक्यांवर नाही."

"तिचा मीटर कधी तुमच्या हातात यायचा?"

"कधीच नाही. मला फक्त आकड्यांची फाइल येते." त्याने खडू ठेवला. "समितीने काढलं तर जाईन मी. पण झालं काय ते कळल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही."

बाहेर पडताना मावशीच्या मनात एकच गोष्ट टोचत होती. दोन साक्षीदार एकाच मुलीबद्दल उलट सांगत होते. वॅट म्हणत होते, फुलतेय. ठोके म्हणत होते, मरतेय. यातलं एक माप खोटं बोलत होतं.

३

भिंगरीच्या बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. दुपारी दोन तास उघडायचंच, गिऱ्हाइकांना तारखा दिलेल्या होत्या. मावशी पोचली तेव्हा ते एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकावर नवी चौकट बसवत होते.

"पण नंबर तर याहून जास्त निघाला होता ना?" गृहस्थांनी विचारलं.

"निघाला होता. एकदम पूर्ण दिला तर जमीन वरखाली व्हायला लागते, काका. आत्ता अर्धा देतोय. महिन्याने उरलेला. डोळ्याला कळतसुद्धा नाही."

गृहस्थ गेले. बाबांनी काउंटरवरचं एक भिंग उचलून पुसायला घेतलं.

"भावोजी, ते समितीचं पत्र बघायला मिळेल?"

"कशाला, ताई? सरळ आहे सगळं. त्या माणसाने पोरीला घाण्याला जुंपलं." त्यांनी खणातून प्रत काढून दिली आणि पुन्हा तेच भिंग पुसू लागले.

पत्र दीड पानांचं, अक्षर रेखीव. कोच मुलींकडे आकडे म्हणून बघतो, तिच्या थकव्याकडे दुर्लक्ष केलं, वगैरे. मधोमध एक वाक्य होतं: "शेवटचा महिनाभर तिच्या कुवतीपेक्षा सहा टक्के जास्त बोजा तिच्यावर रोज लादला गेला."

मावशीने ते दोनदा वाचलं. कोच सात म्हणाला होता. पण कोच वाढीबद्दल बोलत होता, हे बोज्याबद्दल. आकडेमोडीत लोक गफलत करतातच. तिने कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"भिंगरी घरी काही बोलायची का? मीटरबद्दल, कुणी हात लावला वगैरे?"

"मीटरचा काय संबंध?" बाबांनी पटकन वर पाहिलं. "मीटर उत्तम आहे. मीच आणून दिलाय, तिच्या वाढदिवसाला. तुम्ही त्या कोचकडे बघा. नाहीतर ती उंच पोरगी आहे ना, शिडी म्हणतात ती. भिंगरी पडली आणि तिची जागा पक्की झाली. आणि तो मिस्त्री! दर आठवड्याला सायकल उघडून बसायचा."

एका दमात तीन माणसं झाली. दुःखात असलेला माणूस असाच चहूकडे दगड मारतो, मावशीने स्वतःला समजावलं. तरी दुकानातून निघाल्यावर तिला चैन पडेना. घरी जायचं सोडून ती पुन्हा इस्पितळाच्या वाटेला लागली.

४

भिंगरी उशाला टेकून बसली होती. तोंड सुजलेलं, हाताला सुई. सतराव्या वर्षी माणूस इतकं म्हातारं दिसू शकतं हे मावशीला पहिल्यांदाच कळलं.

"मावशी, सरांना काढणार आहेत का गं?"

"उद्याचा दिवस आहे मधे. मला एक सांग, टाकीच्या टेकडीला तुला किती वेळ लागतो?"

भिंगरीच्या डोळ्यांत जरा जीव आला. "दर बुधवारी जातो ना आम्ही. पहिल्या महिन्यात चौदा मिनिटं दहा सेकंद. मग चौदा बारा. मग चौदा सात, वारा मागून होता. आणि शेवटच्या बुधवारी..." तिने मान खाली घातली. "चौदा वीस."

"तुझं वजन वाढलं मधल्या काळात?"

"नाही. बावन्नच. सर दर आठवड्याला काट्यावर उभं करतात."

मावशीने पर्समधून पेन्सिल काढली आणि पत्राच्या मागच्या बाजूला आकडे मांडले. टेकडी तेवढीच उंच. पोर तेवढ्याच वजनाची. बावन्न किलो आणि सायकल त्याच उंचीवर उचलून न्यायची तर जोर जितका जास्त तितका वेळ कमी. सात टक्के जोर वाढला असता तर पाऊण मिनिट तरी वाचायला हवं होतं. इथे उलट दहा सेकंद जास्त.

टेकडीच्या दगडमातीत फेरफार करता येत नाही. टेकडी हे प्रमाण वजन होतं, आणि त्यावर घासून पाहिलं तर भिंगरीची ताकद चार महिने जागच्या जागी होती.

"मावशी, काय झालं? तू अशी का बघतेस?"

"तुझ्या सायकलीच्या क्रँकची लांबी किती?" हॉलमधल्या भिंतीवरच्या तक्त्यात 'मीटर तपासताना क्रँकची लांबी बघा, पेडलला वजन टांगा' असं तिने वाचलं होतं; पेडल ज्या दांड्याला लावतात त्याला क्रँक म्हणतात एवढं तिला कळलं होतं.

"एकशे पासष्ट मिलिमीटर. मी बुटकी ना, मला छोटा लागतो. का?"

पोरीच्या चेहऱ्यावर निव्वळ कुतूहल होतं. मावशीने सुटकेचा श्वास सोडला. येताना वाटभर एक शंका तिला खात होती: दोनशे दहाच्या आत राहिलेल्या पोरीनेच आकडा फुगवला तर? पण मग शनिवारी ती त्याच आकड्याच्या भरवशावर जीव जाईस्तोवर चालवत बसली नसती.

"टेकडीवर शेवटी काय वाटत होतं तुला?"

"पाय म्हणत होते थांब. पण यंत्रावर दोनशे दहाच दिसत होते, आणि माझा उंबरठा दोनशे तेरा. म्हटलं, हे तर मला झेपायलाच हवं. माझंच मन कच्चं आहे. मी माझ्या पायांना खोटं ठरवलं, मावशी."

मावशी उठली. तिला आता वीस किलोचं एक वजन हवं होतं.

५

बुधवारी सकाळी जुन्या खात्यातल्या एका हाताखालच्या माणसाने ते दिलं. बिडाचं, वर कडी, सरकारी शिक्का मारलेलं. "दुपारच्या आत परत, मॅडम. नाहीतर माझीच तपासणी होईल."

मिस्त्रीचं वर्कशॉप हॉलच्या मागे होतं. गडी आडदांड, बोलणं फटकळ. "माझ्यावर संशय आहे म्हणे चष्मेवाल्यांचा. मी बेअरिंग बदललं, चेन धुतली. पोरीचं वाईट करायला माझं डोकं फिरलंय का?"

"तुमचं डोकं मला उसनं हवंय," मावशी म्हणाली. "हा मीटर मोजतो कसा?"

मिस्त्रीने भिंगरीची सायकल स्टँडवर चढवली. पडल्याचे ओरखडे अजून तसेच होते. "हे बघा. पेडलला फक्त पायाचा रेटा कळतो. पण तोच रेटा लांब दांड्यावर दिला की जास्त काम होतं, आखूड दांड्यावर कमी. दांडा किती लांब आहे ते पेडलला दिसत नाही. ते आपण फोनवरून सांगायचं."

मावशीने वाकून पेडल पाहिलं. "म्हणजे तराजूला त्याच्या दांडीची लांबी आपण तोंडी सांगायची? आणि तो विश्वास ठेवणार?"

"बिचारा काय करणार!"

"अशा तराजूला मी शिक्का दिला नसता." तिने वजनाकडे बोट दाखवलं. "पेडलला टांगा."

क्रँक आडवा धरून मिस्त्रीने कडी अडकवली. वीस किलो लोंबकळले. एकशे पासष्टच्या दांड्यावर वीस किलोंचं पीळ देण्याचं बळ किती ते मावशीने आधीच काढून ठेवलं होतं: बत्तीस पूर्णांक चार. मिस्त्रीने फोनवर तपासणीचं पान उघडलं.

चौतीस पूर्णांक तीन.

दुसऱ्या पेडलला टांगलं. चौतीस पूर्णांक तीन.

"हात तिच्या!" मिस्त्रीने पान सरकवलं. "इथे लांबी एकशे पंचाहत्तर लिहिलीय. हा क्रँक एकशे पासष्टचा आहे, हे काय, आतून कोरलंय. मॅडम, कुणीतरी आकडा बदललाय."

"हा बदल करायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं. फोन हवा आणि पेडल जवळ हवं. बस्स. हॉलमध्ये, रस्त्यात, घरी, कुठेही."

"आणि एकशे पंचाहत्तरचा क्रँक क्लबात कुणाकडे आहे?"

मिस्त्रीने ओठ चावले. सांगावं की नाही असं त्याला झालं होतं.

"एकच आहे, मॅडम. शिडीची सायकल."

६

शिडी हॉलमध्ये रोलरवर होती. मावशीने नुसतं "एकशे पंचाहत्तर" म्हटलं आणि पोरीचे पाय थबकले. ती सायकलवरून उतरली.

"मी सांगणारच होते," ती म्हणाली. "माझा मीटर बंद पडला होता. निवडीच्या आधीच्या मंगळवारी मी भिंगरीचे पेडल मागून घेतले, एका दिवसासाठी. तिने लगेच दिले. माझ्या सायकलला लावताना लांबी बदलायची असते ना, तर मी पान उघडलं. तिथे आधीच एकशे पंचाहत्तर होतं."

"आणि तुला आश्चर्य वाटलं नाही?"

"वाटलं ना. मग वाटलं, तिनेच माझ्यासाठी बदलून दिलंय. ती आहेच तशी." शिडी आता हुंदके देत होती. "परत देताना मी एकशे पासष्ट करायला हवं होतं. विसरले. मावशी, माझ्यामुळे पडली का ती?"

मावशीने तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग स्वतः शेजारी बसली आणि डोळे मिटले.

ही पोर खोटं बोलत नव्हती, आणि ते तिच्या रडण्यावरून नव्हे, तारखांवरून दिसत होतं. पेडल तिच्याकडे गेले निवडीच्या चार दिवस आधी. पण आकडा त्याआधी दोन महिने फुगत आला होता, आणि तोही एकदम नाही. एकशे नव्याण्णववरून दोनशे सहा, मग दोनशे तेरा. मावशीने उलटा हिशेब केला. तिसऱ्या महिन्यात कुणी लांबी एकशे सत्तर केली असेल, तर खरा आकडा बरोबर दोनशे. चौथ्या महिन्यात एकशे पंचाहत्तर, तर खरा आकडा दोनशे एक. टेकडी जे सांगत होती तेच. दोनशेच्या आसपास, जागच्या जागी.

म्हणजे चुकून झालेलं नव्हतं. कुणीतरी दोन पायऱ्यांत, महिन्याच्या अंतराने, पोरीला कळू नये अशा बेताने आकडा चढवला होता. वाईट करायचं असतं तर खाली उतरवला असता. एकशे नव्वद दाखवला असता तरी ती संघाबाहेर. इथे वर नेला. कोच? तो तर तिला घरी बसवायला निघाला होता. आकडा वाढल्यामुळे त्याचाच शब्द खोटा पडला. मिस्त्री? त्याने स्वतःच्या हातांनी ते पान उघडून दाखवलं.

मग उरला तो भिंगरीने रडू नये असं वाटणारा कुणी माणूस. आणि पूर्ण नंबर एकदम न देता आधी अर्धा, महिन्याने उरलेला द्यायची सवय असलेला.

मावशीने पर्समधून ते पत्र काढलं. सहा टक्के. काल तिला ती गफलत वाटली होती. वाढ सातच होती. फळ्यावरचे आकडे बघून कुणीही सातच म्हणालं असतं. पण एकशे पासष्टच्या जागी एकशे पंचाहत्तर केले की खोट येते ती सहाची. चौतीस पूर्णांक तीन आणि बत्तीस पूर्णांक चार यांतला फरकही सहाचा. जी गोष्ट तिला आज सकाळी वजन टांगून कळली, ती या कागदावर सोमवारीच लिहिलेली होती.

माणूस हवाय, बहीण म्हणाली होती. कुणीही असो.

७

दुकान आवरून भिंगरीचे बाबा निघतच होते. मावशी आत शिरली आणि तिने दार ओढून घेतलं.

"भावोजी, क्रँकची लांबी कुणी बदलली?"

त्यांनी किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "कसली लांबी?"

"आधी एकशे सत्तर. महिन्याने एकशे पंचाहत्तर."

"त्या शिडीचा क्रँक एकशे पंचाहत्तरचा..." ते बोलता बोलता थांबले.

"मी तिचं नावसुद्धा घेतलं नाही अजून." मावशीने पत्र काउंटरवर उलगडलं. "हे सहा टक्के कुठून आले? मी सकाळी मोजलं तेव्हा मला कळलं. तुम्हाला सोमवारी कसं माहीत?"

ते काउंटरला वळसा घालून आत गेले, पुन्हा बाहेर आले. मग गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले, जिथे बसून लोक भिंतीवरची अक्षरं वाचतात.

"ती जेवत नव्हती, ताई," ते म्हणाले. "दुसऱ्या परीक्षेनंतर. एकशे नव्याण्णव. एक वॅट कमी झाला म्हणून तीन दिवस खोलीबाहेर आली नाही. मला वाटलं, थोडा धीर मिळाला की पोर आपोआप वर येईल. नंबर जरा वाढवून द्यायचा, मग खरी ताकद येईल आणि मी गुपचूप पुन्हा खाली आणेन. तो आकडा बघून ती कशी हसली होती, तुम्ही पाहिलं नाहीत."

"आणि सराव त्या आकड्यावरून ठरतो हे?"

"देवाशपथ, ठाऊक नव्हतं. मला वाटलं ती नुसती परीक्षा आहे. मार्कांसारखी. शनिवारी डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा मी भिंगरीचं सरावाचं वेळापत्रक वाचलं. पहिल्यांदाच. तिथे प्रत्येक ओळीत टक्के. रविवारभर बसून हिशेब केला. सहा टक्के, दर दिवशी, रोलरच्या प्रत्येक फेरीला."

"आणि सोमवारी कोचच्या नावाने पत्र लिहिलंत."

त्यांनी तोंड ओंजळीत झाकलं. "कुणाचं तरी नाव लिहायला हवं होतं. माझं लिहिता येईना."

मावशीला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण तिने आयुष्यात जेवढी खोटी मापं पकडली त्यांत माल कमी भरायचा. इथे एका बापाने पदरचं टाकून माप वर नेलं होतं आणि त्याखाली पोर चिरडली होती. अशा गुन्ह्याला कायद्याच्या पुस्तकात कलम नव्हतं.

"उद्या अकराला समिती आहे," ती म्हणाली. "मी काही बोलणार नाही. तुम्ही बोलायचं. पण त्याआधी दोन जणींना सांगायचं. आणि आत्ता."

"ती मला कधी माफ करणार नाही."

"ते मला मोजता येत नाही, भावोजी. चला."

८

बहिणीने सगळं ऐकलं. खिडकीशी जाऊन उभी राहिली, पाठ करून. भिंगरी मात्र बापाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिने एकदाच मधे थांबवलं.

"म्हणजे माझा खरा आकडा किती होता, बाबा?"

"दोनशे. शेवटी दोनशे एक."

"दोनशे एक." तिने तो आकडा तोंडात घोळवला. "मग तुला काय वाटलं? दोनशे बघून मी मोडून पडेन?"

"नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, मी पडेन."

भिंगरीने तोंड भिंतीकडे फिरवलं. "तू आता जा," ती म्हणाली. ते गेले.

गुरुवारी समितीपुढे त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. पत्र मागे घेतलं. समितीवाले एकमेकांकडे बघत राहिले; कोचला काढायची तयारी करून आलेल्या माणसांना आता कुणाला काढावं ते कळेना. तेव्हा कोच उठला आणि म्हणाला, "ठोके चढलेले मला दिसत होते. माझीही चूक लिहून घ्या." त्याला सक्त ताकीद मिळाली आणि काम राहिलं. शिडीने संघातली जागा सोडते म्हणून सांगितलं. भिंगरीने इस्पितळातून निरोप पाठवला: मूर्खपणा करू नकोस, चालव.

घरात पुढचे सहा आठवडे कसे गेले ते मावशीने विचारलं नाही. बहिणीचा फोन यायचा, त्यात औषधं, पथ्य आणि रक्ताच्या तपासण्या असायच्या. भावोजींबद्दल एवढंच कळलं की ते रोज संध्याकाळी भिंगरीला चालायला नेतात, आणि दोघं बोलत नाहीत.

सातव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. हलकी परीक्षा, जीव तोडायचा नाही, आठ मिनिटांची. हॉलमध्ये कोच होता, मिस्त्री होता, शिडी रोलर पुसत होती. मावशीला मुद्दाम बोलावलं होतं. क्रँकची लांबी भिंगरीने स्वतः टाकली, आणि ती टाकताना मिस्त्रीला, कोचला आणि मावशीला, तिघांना वाकून बघायला लावलं.

बाबा आत आले नव्हते. दाराबाहेर, सायकली टेकवायच्या कट्ट्याजवळ घुटमळत होते. आत यावं की नको, ते पायांचंच ठरत नव्हतं.

आठ मिनिटं संपली. भिंगरी हँडलवर वाकून धापा टाकत होती. कोचने फाइल उघडली, हिशेब केला आणि आकडा कागदावर लिहून तिच्यापुढे धरला, हलकेच, जपून. चारही महिन्यांतल्या कुठल्याही आकड्याहून कमी.

भिंगरीने कागद पाहिला. घाम पुसला. मग दाराकडे मान वळवून, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडली:

"बाबा! एकशे चौऱ्याऐंशी!"

बाहेरची पावलं थांबली. रोलर अजून फिरत होते, तेही हळूहळू थांबले.

"ऐकू आलं का?"

"आलं," बाबांचा आवाज आला. जरा वेळाने पुन्हा आला, आता दारातूनच. "एकशे चौऱ्याऐंशी."

"मग आत ये की," भिंगरी म्हणाली. "सायकल धर. मला उतरता येत नाहीये."